मंगेशीचा बालनट आणि ग्वाल्हेरची तालीम

नटांची चरित्रे आपल्याकडे बहुधा पहिल्या टाळीपासून लिहिली जातात. पडदा वर गेला, मुलाने पहिले पद म्हटले, थिएटर दणाणले, आणि तेथून चरित्रकाराची लेखणी सुसाट निघाली. त्या टाळीपूर्वी त्या मुलाला कोणी जेवू घातले, त्याचे उच्चार कोणी घासूनपुसून घेतले, कोणाच्या गळ्यातला सूर त्याच्या गळ्यात उतरला, याची चौकशी क्वचितच होते. आम्ही व्यवसायाने वकील. मालमत्तेचा प्रश्न पुढे आला की ती कोणाकडून कोणाकडे आली हे आधी पाहायचे, ही आमची जन्माची खोड. मास्टर दीनानाथ मंगेशकरांचा गळा ही गोमंतकाची मोठीच मालमत्ता. तिचे जुने दस्तऐवज एकदा उलगडून पाहावेत असे पुष्कळ दिवस मनात होते.

देवस्थानांच्या मंडळींत दीनानाथांचे नाव निघाले की एक वाक्य ठरलेले असते : ‘श्रीमंगेशाची कृपा.’ ते वाक्य खोटे म्हणण्याची आमची छाती नाही आणि इच्छाही नाही. परंतु देव कृपा करतो ती माणसांच्या हातून, आणि त्या माणसांची नावे घेण्याची वेळ आली म्हणजे आपण घुटमळतो. त्यांत एक नाव देवळाच्या आश्रयाने गाणाऱ्या घराण्यातील स्त्रीचे आहे. एक नाव मुसलमान उस्तादाचे आहे. एक नाव परमुलखात भटकून विद्या मिळवलेल्या गरीब कोकणी ब्राह्मणाचे आहे. ही नावे वगळून ‘कृपा’ म्हणणे म्हणजे कर्ज बुडवून दानपत्र वाचण्यासारखे आहे. यासाठीच आरंभ मंगेशीहून न करता आम्ही तो दूर उत्तरेत, ग्वाल्हेरच्या गोरखीपासून करतो.

दौलतराव शिंद्यांनी १८१० साली उज्जैनहून राजधानी हलवली आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली आपला तळ दिला. फौजेच्या त्या तळाचेच पुढे शहर झाले, आणि नावही ‘लष्कर’ असेच राहिले. या लष्कराच्या मध्यावर, महाराज बाड्याला लागून, गोरखी हा शिंद्यांचा जुना वाडा आहे. १८७४ साली जयविलास राजवाडा उभा राहिला आणि दरबारचे वैभव तिकडे गेले. गोरखीत देवघर राहिले, कचेऱ्या आल्या, शाळा भरली. अटलबिहारी वाजपेयींचे बालपणीचे शिक्षण याच गोरखीतल्या शाळेत झाले. भोवतालच्या बाजारांची आणि वाड्यांची नावे घेतली तरी शितोळे, आंग्रे, फाळके अशी मराठी सरदार घराणी डोळ्यांपुढे उभी राहतात. उत्तर हिंदुस्थानच्या उन्हात मराठी माणसाने आपली पेठ वसवली, आपले देव नेले, आपली पुरणपोळी नेली. गाणे मात्र तेथलेच उचलले.

गोरखीच्या देवघराविषयी एक गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. महादजी शिंद्यांची श्रद्धा बीडच्या मन्सूरशाह या अवलियावर होती. शिंदे कुळाने ती पुढेही सांभाळली, आणि त्या बाबांचा उरूस गोरखीच्या देवघरात होत आला. दसऱ्याची पूजाही तेथेच. देवाच्या घरात कोण बसू शकतो याविषयी मराठी राज्यकर्त्यांची समजूत पुष्कळ वेळा आपल्या पंचांपेक्षा सैल होती, एवढे नमूद करून आम्ही पुढे जातो.

ज्या दरबाराची ही गोरखी, त्या दरबाराच्या आश्रयाला हद्दूखाँ, हस्सूखाँ आणि नत्थूखाँ हे गवई होते. दौलतरावांनी हद्दू आणि हस्सू या दोघा भावांना पडद्याआड बसवून बडे महंमदखाँची गायकी ऐकवली आणि मुलांनी ती कानाने चोरली, ही कथा ग्वाल्हेरच्या गवयांच्या तोंडून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कथेतला तपशील कितपत खरा हे पुराव्याच्या कायद्याने ठरायचे नाही. पण त्या काळी विद्या कशी मिळे हे तिच्यावरून चांगले कळते. विद्या शिकवली जात नसे. ती पाळत ठेवून, पाय चेपून, उपाशी राहून मिळवावी लागे. या घराण्याचे गाणे मराठी ब्राह्मणांच्या हाती आले तेही याच वाटेने. हस्सूखाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी, त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर. ही ओळ आपणा सर्वांना पाठ आहे. दुसरी एक ओळ तितकी पाठ नाही, आणि आमच्या बालनटाचे गाणे त्या दुसऱ्या ओळीतून आले.

नत्थूखाँच्या घरात वाढलेले निसार हुसेनखाँ हे जयाजीराव शिंद्यांच्या पदरी होते. १८८६ साली जयाजीराव वारले आणि दरबारचे दिवस पालटले. पुढे निसार हुसेनखाँ शंकरराव पंडितांच्या घरी येऊन राहिले. एका सोवळ्या मराठी ब्राह्मणाच्या घरात एक मुसलमान उस्ताद घरच्यासारखा राहतो आणि त्या घरच्या मुलांना आपल्या घराण्याची विद्या देतो, ही गोष्ट शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची आहे. शंकररावांचे चिरंजीव कृष्णराव पंडित (१८९३–१९८९) ग्वाल्हेर गायकीचे थोर आचार्य झाले, ते त्याच घरातले. लोक विनोदाने खाँसाहेबांना ‘निसारभट’ म्हणत, असे सांगतात. विनोदात कधी कधी इतिहासाचा मोठा पुरावा दडलेला असतो.

या निसार हुसेनखाँच्या दाराशी एक पोर येऊन उभा राहिला. सावंतवाडी संस्थानातला, लहानपणीच पितृछत्र हरपलेला, मालवणास गाण्याची बाराखडी शिकून पुढे अंगावरच्या वस्त्रानिशी उत्तरेस निघालेला हा मुलगा म्हणजे रामकृष्णबुवा वझे. जन्म १८७१ चा. ‘संगीतकलाप्रकाश’ या आपल्या ग्रंथात बुवांनी स्वतःच्या भटकंतीची हकीकत दिली आहे, ती ज्यांनी वाचली असेल त्यांना गवयाच्या आयुष्याविषयी फारशी गोड कल्पना उरणार नाही. इंदुरास बंदेअली खाँसारख्या बीनकाराचा सहवास आणि मग ग्वाल्हेर. तेथे अन्नछत्राचे अन्न आणि उस्तादाची सेवा. उस्तादाच्या मनात येईल तेव्हा एखादी चीज कानी पडे. न आले तर दिवस रिकामा. अशी वर्षे काढून बुवांनी जे मिळवले ते पहाडासारखे होते : अनवट रागांचा साठा, लयीवर हुकमत, आणि चिजेचे तोंड असे काही धरायचे की श्रोत्याने मागे सरकून बसावे.

हे गाणे घेऊन बुवा दक्षिणेस परतले. राजदरबार एकेक करून आखडते झाले होते. नाटक कंपन्या मात्र ऐन भरात होत्या. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यास ‘शाकुंतल’ उभे केले तेव्हापासून मराठी माणसाला गाणे ऐकायचे म्हणजे नाटकाला जायचे असे झाले होते. मोठे गवई आरंभी नाक मुरडीत. पण भास्करबुवा बखले आणि वझेबुवा यांनी ती मुरड काढली. भास्करबुवांनी बालगंधर्वांना घडवले. वझेबुवांनी केशवराव भोसल्यांना. आणि गोमंतकाशी बुवांचा संबंध नटांपुरता नव्हता. केरीच्या केसरबाई केरकर पुढे अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या म्हणून जगभर गाजल्या. त्यांनाही तरुणपणी गोव्यात काही काळ वझेबुवांची तालीम मिळाली होती. ग्वाल्हेरची गायकी आमच्या देवळांच्या गावांत येऊन ठेपली ती अशी.

आता मंगेशीकडे वळू.

श्रीमंगेश मूळचे कुशस्थळीचे. पोर्तुगिजांच्या धर्मछळाच्या दिवसांत, १५६० च्या सुमारास, भक्तांनी देव नदीपार प्रियोळला आणला आणि त्या वाडीचे नाव मंगेशी पडले. तळी, दीपमाळ, अग्रशाळा, सोमवारची पालखी हे सर्व वाचकांच्या डोळ्यांसमोर आहेच. पालखीपुढे वाद्ये वाजतात. त्या काळी पालखीपुढे आणि सभामंडपात गाणेही होई, आणि ते गाणाऱ्या स्त्रिया कलावंत घराण्यांतल्या असत. देवाची सेवा त्यांच्याकडे वंशपरंपरेने होती. मान कितपत होता, हे त्यांच्या मुलांना विचारावे.

या मंगेशीत २९ डिसेंबर १९०० रोजी दीनानाथांचा जन्म झाला. वडील गणेशभट्ट हर्डीकर, श्रीमंगेशाच्या अभिषेकाचे अधिकारी, म्हणून अभिषेकी. (पंडित जितेंद्र अभिषेकीही याच गावचे.) आई येसूबाई राणे, कलावंत घराण्यातील नामांकित गायिका. त्या नात्याला तत्कालीन समाजाने विवाहाची पदवी दिलेली नव्हती, आणि म्हणून वडिलांचे आडनावही मुलाकडे आले नाही. मुलाने पुढे गावाचे, म्हणजे पर्यायाने देवाचे, नाव लावले. या घटनेकडे आम्ही केवळ वकिलाच्या नजरेने पाहिले तरी ती आम्हांस थक्क करते. ज्याला घराण्याचे नाव नाकारले गेले त्याने सरळ देवाच्या नावावर वारसा सांगितला, आणि आज जगात कोठेही ‘मंगेशकर’ म्हटले तर लोकांना प्रथम गाणे आठवते, देऊळ मागाहून. देवस्थानाच्या वह्यांत या वारसाची नोंद नसेल. लोकांच्या कानांत ती पक्की आहे.

पाचव्या वर्षापासून बाबा माशेलकरांकडे मुलाचे शिक्षण सुरू झाले. पण खरी पहिली शाळा घरातच होती, याविषयी आमच्या मनात शंका नाही. आईचे गाणे उशाशी असणाऱ्या मुलाला सूर शिकवावा लागत नाही. बोलणे जसे येते तसा तो येतो. शिवाय देवळाचा चौघडा, आरत्या, उत्सवातली नाटके. आमच्या गोव्यात देवळाच्या उत्सवाला नाटक नाही असे गाव शोधून सापडायचे नाही. कोकणी बोलणाऱ्या मुलाला मराठी प्रथम कानी पडते ती बहुधा कीर्तनातून आणि या उत्सवी नाटकांतून. ही मराठी ग्रांथिक, किंचित हेल काढलेली, पण पल्लेदार. पुण्याच्या कंपनीत गेलेल्या गोव्याच्या मुलाला हा पल्ला उपयोगी पडे आणि हेल नडे.

१९१३ साली किर्लोस्कर नाटक मंडळीवर मोठी आपत्ती आली. बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे कंपनी सोडून गेले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. कंपनीचा जणू गळाच गेला. मालकांना नव्या आवाजाची निकड लागली, आणि पुढच्याच वर्षी, १९१४ मध्ये, दीनानाथ किर्लोस्कर मंडळीत आले. वय तेरा–चौदा. ज्या जागेवर कालपर्यंत बालगंधर्व उभे होते तेथे एका पोराला उभे करायचे, आणि प्रेक्षकांनी मनातल्या मनात तुलना करीत राहायचे! आम्हांस वाटते, या मुलाच्या गाण्यात जी झेप आणि आक्रमण दिसते त्याचे मूळ थोडेफार येथे आहे. बालगंधर्वांच्या गोडव्याशी गोडव्याने सामना करणे शक्य नव्हते. निराळी वाट काढणे भागच होते.

कंपनीतील मुलांचे जीवन कसे असे याविषयी आजच्या वाचकाला कल्पना येणे कठीण. दहा–बारा वर्षांची मुले आईबापांपासून शेकडो मैल दूर, गावोगावच्या बिऱ्हाडांत एका पंगतीत जेवत आणि एका ओळीत झोपत. सकाळी गाण्याची मेहनत, दुपारी नकलांचे पाठांतर व तालीम, आणि नाटकाच्या रात्री पहाटेपर्यंत जागरण. स्त्रीपार्टी मुलाला नऊवारी लुगडे नेसून चालायला, बसायला, पदर सावरायला शिकावे लागे. चालताना पाऊल चुकले तर तालीममास्तरांची छडी असे. काही कंपन्या मुलांना लिहिणेवाचणे शिकवण्यासाठी शिक्षक ठेवीत. राम गणेश गडकऱ्यांसारख्या प्रतिभावंतानेही उमेदवारीच्या दिवसांत किर्लोस्कर मंडळीच्या मुलांना शिकवण्याचे काम केले होते. यात प्रेम नव्हते असे नाही. पण मुलगा हा कंपनीचा माल होता, आणि तो माल नाशवंत होता.

नाशवंत अशासाठी की मुलगा वयात आला म्हणजे आवाज फुटतो. या एका गोष्टीने किती मुलांची आयुष्ये उलथली याची नोंद कोणी ठेवलेली नाही. भास्करबुवा बखले लहानपणी किर्लोस्कर मंडळीतच होते. ‘रामराज्यवियोगा’तील त्यांची कैकेयी गाजली होती. आवाज फुटला आणि नाटकातले त्यांचे दिवस संपले. ते उस्तादांच्या दारी गेले आणि अपार कष्टांनी भारतातले एक श्रेष्ठ गवई झाले. पण भास्करबुवा एखादाच. बाकीची मुले कोठे गेली? कोणी पडदे ओढले, कोणी पेटी धरली, कोणी गावी परतून शेती केली. रंगभूमीच्या इतिहासात त्यांची नावे नाहीत.

येथे वकिली विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. ही मुले कंपनीशी कोणत्या बंधनाने बांधलेली होती? १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान मुलाला करार करता येत नाही, आणि १९०३ साली मोहरीबीबीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने अज्ञानाचा करार मुळातच रद्दबातल असल्याचा निवाडा दिला. म्हणजे किर्लोस्कर मंडळीच काय, कोणत्याही कंपनीला अशा मुलाने स्वतः केलेल्या कराराच्या जोरावर त्याला कोर्टात खेचता आले नसते. मुलांना बांधून ठेवणारा दोर निराळा होता : घरचे दारिद्र्य, गुरूची भीती आणि रंगपटाची नशा. हा दोर तोडायला कोणताही कायदा पुरा पडत नाही.

किर्लोस्कर मंडळीत दीनानाथांनी चार एक वर्षे काढली. ‘ताजेवफा’ या हिंदुस्थानी भाषेतील नाटकात त्यांनी कमलेची भूमिका केली. मराठी कंपनीने उर्दू वळणाचे नाटक करावे हे त्या काळी नवल होते, आणि कोकणी घरातल्या मुलाने त्या भाषेचे उच्चार साधावेत हे त्याहून. त्या नाटकामुळे उत्तरेकडचे ठेके, गझलेची फेक, पंजाबी ढंगाच्या हरकती त्याच्या कानी पडल्या असाव्यात, आणि तो कान काही विसरणारा नव्हता. बिकानेरच्या सुखदेवप्रसादांकडूनही त्याने संगीताचे धडे घेतले. १९१६ साली कंपनीने गडकऱ्यांचे ‘पुण्यप्रभाव’ रंगभूमीवर आणले. गडकऱ्यांच्या भाषेची सवय मुलाच्या जिभेला तेथे लागली. गडकऱ्यांचे वाक्य श्वास राखून बोलावे लागते. ज्याने ते पेलले त्याला तानेत दम कमी पडत नाही, असे जुने नट म्हणत.

आणि आवाज? तो फुटला असेल, पण मोडला नाही. उंच पट्टीत टणत्काराने लागणारा, तिन्ही सप्तकांत विजेसारखा फिरणारा तो आवाज वय वाढले तशी धार घेत गेला. याला आम्हीही कृपाच म्हणू. कायद्यात जिला दैवी घटना म्हणतात त्यातला हा प्रकार.

१९१८ साली दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे हे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी बळवंत संगीत मंडळी स्थापन केली. (अण्णासाहेब किर्लोस्करांचे मूळ नाव बळवंत, हे वाचकांना आठवत असेलच.) चिंतामणराव तिशीच्या घरात आलेले, कसलेले गद्य नट, त्यांचे ‘बहुरूपी’ हे आत्मचरित्र १९५८ साली साहित्य अकादमीच्या पारितोषिकाने गौरवले गेले. त्यांच्याशेजारी आमचा मालक बसला तो सतरा वर्षांचा! ब्रिटिश हिंदुस्थानात सज्ञानतेचे वय अठरा. पण करार कायद्याच्या अकराव्या कलमाप्रमाणे माणसाचे वय त्याच्या स्वतःच्या कायद्याने मोजायचे, आणि गोमंतकात १८७० पासून लागू असलेल्या पोर्तुगीज दिवाणी संहितेत सज्ञानतेचे वय होते एकवीस. त्या हिशेबाने पाहिले तर हा कंपनीमालक १९२१ सालच्या डिसेंबरापर्यंत अज्ञानच ठरला असता. भागीदारीच्या नफ्यात त्याला वाटा देता आला असता, पण तिच्या कर्जासाठी त्याच्या अंगावर कोणाला जाता आले नसते. हे त्या तिघांच्या स्वप्नातही आले नसेल. नाटक कंपन्या विश्वासावर निघत आणि कर्जावर चालत. पुढे प्रौढ दीनानाथांना याच विश्वासाची किंमत शेवटच्या दमडीपर्यंत मोजावी लागली.

नव्या कंपनीला गडकऱ्यांचा आशीर्वाद होता. दुखण्याने अंथरुणाला खिळलेल्या गडकऱ्यांनी ‘भावबंधन’ पुरे केले, आणि २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे ते वारले. वय अवघे तेहतीस. कंपनी उभी राहते न राहते तोच तिचा नाटककार गेला, आणि हातात उरले एक नाटक. बळवंत मंडळीने ते उभे केले. चिंतामणराव घनश्याम झाले आणि दीनानाथ लतिका. घनश्यामाचा तो विषारी, रेशमी कावा आणि त्यासमोर लतिकेचा तोरा. गडकऱ्यांच्या सर्व नायिकांत लतिका आम्हांस अधिक जिवंत वाटते, आणि ती भूमिका अशा मुलाने केली की ज्याच्या गाण्यात मुळात तोराच होता. बळवंत मंडळी या नाटकावर नावारूपाला आली.

येथवर ज्याला आपण शिक्षण म्हणू ते सगळे वेचून मिळवलेले होते. आईचे गाणे, देवळातला चौघडा, कंपनीची छडी, परभाषेतील ठेके. अशा शिक्षणात चमक येते. पाया कच्चा राहतो. वीस वर्षांचा यशस्वी नट, स्वतःच्या कंपनीचा मालक, टाळ्यांना सरावलेला. त्याला पुन्हा विद्यार्थी होण्याची गरज ती काय? बहुतेकांना ती वाटली नाही, आणि म्हणून बहुतेकांची नावे आपण विसरलो. दीनानाथांनी रामकृष्णबुवा वझ्यांचे शिष्यत्व पत्करले. आमच्या मते त्यांच्या साऱ्या उमेदवारीतील सर्वांत मोठी गोष्ट हीच.

बुवा आणि हा शिष्य यांची जोडी विलक्षण होती. बुवा म्हणजे मेहनतीचा डोंगर. तंबोऱ्यापुढे आवाज घोटून घोटून कमावलेला. त्यात नैसर्गिक गोडवा थोडा, पण रागाची मांडणी अशी की वीट निखळायची नाही. शिष्याच्या गळ्यात निसर्गानेच सर्व ओतलेले, आणि पाय कोठेच न ठरणारे. बुवांनी त्याला ग्वाल्हेरचे दोन गुण दिले असे आम्हांस दिसते. एक म्हणजे चिजेचे तोंड ठामपणे मांडणे; दुसरा म्हणजे अनवट रागातही निर्भयपणे शिरणे. तान शिकवण्याची गरज नव्हती. तान कोठे थांबवायची ते शिकवावे लागले. पुढे १९२७ साली वीर वामनराव जोशी यांचे ‘रणदुंदुभि’ बळवंत मंडळीने केले. त्याच्या चाली वझेबुवांच्या, आणि तेजस्विनी दीनानाथांची. १९३१ सालच्या सावरकरांच्या ‘संन्यस्त खड्ग’लाही बुवांचेच संगीत होते. त्या चालींवर दीनानाथांच्या ध्वनिमुद्रिका आज ऐकतानाही ध्यानात येते की खाली जमीन ग्वाल्हेरची आहे आणि वर उडणारा पक्षी कोणाच्याच पिंजऱ्यातला नाही.

या तालमीचा आणखी एक परिणाम झाला. स्त्रीपार्टी मुलगा पुरुष भूमिकेत गेला की बहुधा फिका पडे. आवाज आणि अंग दोन्ही लुगड्याच्या सवयीचे झालेले असत. दीनानाथांनी ‘मानापमाना’तील धैर्यधर केला तेव्हा टेंब्यांच्या चालींनी गाजलेली ती पदे त्यांनी आपल्या ढंगाने अशी गायली की पुष्कळांना धैर्यधर म्हटले की तेच आठवू लागले. मर्दानी गाणे मराठी रंगभूमीवर पूर्वी नव्हते असे नाही. केशवराव भोसले होतेच. पण ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव अकाली गेले. वझेबुवांचा एक शिष्य गेला. दुसरा, पोर्तुगीज कायद्यानेही, अजून तीन महिने सज्ञान व्हायचा होता.

पुढची हकीकत सर्वश्रुत आहे आणि दुःखाची आहे. बोलपट आला, कंपन्या बसल्या, बळवंत मंडळी चित्रपटाच्या व्यवसायात उतरली आणि कर्जात बुडाली. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यास दीनानाथ वारले, तेव्हा त्यांचे वय एकेचाळीस होते. वझेबुवा शिष्यामागे तीन वर्षे जगले. तो काळ आमच्या आजच्या विषयाबाहेरचा.

उमेदवारीच्या हिशेबात मात्र एक कलम राहिले आहे. २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदुरास, म्हणजे ज्या शहराच्या वाटेने वझेबुवा पूर्वी ग्वाल्हेरला गेले होते त्याच शहरात, दीनानाथांना मुलगी झाली. आरंभी तिचे नाव हेमा होते. पुढे ‘भावबंधना’तल्या लतिकेवरून ते लता झाले. आपल्या मुलीला गाता येते हे वडिलांच्या ध्यानीमनीही नव्हते. एके दिवशी ते एका शिष्याला पूरिया धनाश्री देऊन बाहेर गेले. शिष्य चुकत होता. पाच–सहा वर्षांची मुलगी आत आली आणि असे नव्हे, असे, म्हणून तिने त्याला जागा गाऊन दाखवली. वडील परतताना दारातच थबकले आणि त्यांनी ते ऐकले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी तिला उठवले, तंबोरा जुळवला, आणि पूरिया धनाश्रीपासूनच तिची तालीम सुरू केली.